गारसाहेब

निमसे साहेब नळाला हात लावायचे तो उलटा. तळहात नाही, हाताची मागची बाजू. ताप आलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते तसा. सकाळची पाळी सुरू व्हायच्या आधी ते टाक्यांच्या भोवतीनं, पंपाच्या बाजूनं, जिथं जिथं उघडं लोखंड दिसेल तिथं तिथं असा उलटा हात लावत फिरायचे. सगळं गार लागलं की माणसात यायचे. तोवर कुणी नमस्कार केला तरी त्याला उत्तर मिळत नसे. प्रत्येक टाकीला उष्णतेचा काटा होता आणि ते काटे बरोबर ठेवणं हे माझं काम होतं, पण साहेबांचा काट्यांवर निम्माच भरवसा. "काटा बिघडतो, हात बिघडत नाही," म्हणायचे. मला याचा राग यायचा. प्रयोगशाळेतला माणूस मी, काटे माझे.

नगर जिल्ह्यात, कालव्याच्या पट्ट्यात, एका साखर कारखान्याला लागून आमचं रसायनाचं युनिट होतं. उसाच्या मळीपासून स्पिरिट, स्पिरिटपासून अॅसेटाल्डिहाइड आणि त्याच्यापासून अॅसेटिक अॅसिड, असा आमचा धंदा. एवढं लांबलचक नाव घेत बसायला कामगारांना सवड नव्हती. ते म्हणायचे 'आल्डी'. आल्डी आली, आल्डी गेली, आल्डी आज लई वास मारतीय. घरातल्या एखाद्या खोडकर बाईविषयी बोलावं तसं बोलायचे. साहेबांनाही ते नाव आवडत असावं, कारण एरवी शब्दाला शब्द तपासून घेणारा हा माणूस तिला आल्डीच म्हणायचा.

ही आल्डी दिसायला पाण्यासारखी. वास पाडाच्या फळासारखा, पण घशात शिरला की डोळ्यांतून पाणी काढणारा. आणि स्वभाव असा, की साध्या हवेत ती पाणी म्हणून राहतच नाही. आपल्याकडच्या थंडीतल्या सकाळी जेवढी ऊब असते तेवढ्यातच ती उकळते. उन्हाळ्यात तर भांडं उघडायचा अवकाश. म्हणून तिला बर्फासारख्या मिठाच्या पाण्यात गुंडाळून ठेवायची, वरून नायट्रोजनचं पांघरूण घालायचं म्हणजे हवा लागणार नाही. हवा लागली की तिच्यात नको ते पदार्थ तयार होतात आणि ते नुसत्या धक्क्यानंही स्फोट होऊन उडतात. अॅसिडचा थेंब चुकून आत गेला तर ती आपली आपणच तापत जाते. आणि पेट घ्यायला तिला ज्योतही लागत नाही, तापलेला नळ पुरतो. साहेब नव्या माणसाला हे सगळं तीन वाक्यांत सांगत. "तिला गार ठेवा. झाकून ठेवा. दिवा दाखवू नका." पहिल्या वाक्यावरून कामगारांनी त्यांचं नाव गारसाहेब पाडलं होतं. ते त्यांना माहीत होतं, आणि त्याचं काही वाटून घेण्याइतका त्यांच्याकडे वेळ नव्हता.

ते मूळचे वांबोरीकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. पुण्याला शिकले, मुंबईला एका रसायनाच्या कारखान्यात काही वर्षं काढली आणि मग पगार कमी घेऊन आमच्याकडे आले. मुंबईत त्यांनी काहीतरी पाहिलं होतं. काय, ते कधी सांगितलं नाही. एकदा मी सरळ विचारलं तेव्हा म्हणाले, "आपल्या इथं एकही माणूस भाजता कामा नये. बाकी उत्पादन-बित्पादन होत राहील." मला वाटलं, बोलण्याच्या ओघात म्हणताहेत. नंतर कळलं की या माणसाच्या डोक्यात खरोखरच दुसरं काही नाही. बढती नाही, बदली नाही, नगरला प्लॉट घेणं नाही.

आमच्या कुंपणाच्या फाटकाशी त्यांनी बांबूची एक मोठी पाटी ठेवली होती. आत येणाऱ्यानं काड्याची पेटी, विडी, सिगारेट त्यात टाकायची आणि जाताना घेऊन जायची. पायातल्या वहाणाही तिथंच. आमच्याकडचे लोक वहाणेला खालून लोखंडी खिळे आणि नाल ठोकून घेत, दगडाधोंड्यात टिकाव्यात म्हणून. फरशीवर त्या नालांची ठिणगी पडते. तेवढी ठिणगी आल्डीला पुरे. मग सगळ्यांनी आत रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट घालायचे. धोतर, वर पटका आणि पायात ते पांढरे बूट, असे आमचे कामगार शाळेच्या कवायतीला निघाल्यासारखे दिसत.

एकदा कारखान्याचे चेअरमन पाहुण्यांना घेऊन आले. साहेब फाटकात पाटी धरून उभे. चेअरमन हसले, "निमसे, आता आमची पण झडती घेता का?" साहेब म्हणाले, "साहेब, आल्डी चेअरमनला ओळखत नाही." पाहुणे हसले, चेअरमनही हसले, पण ते हसणं गालांपर्यंतच होतं. लायटर पाटीत पडला. चेअरमनचा ड्रायव्हर मात्र नंतर सांगत होता, की गाडीत बसल्यावर चेअरमन पार फाट्यापर्यंत बोलले नाहीत.

नवा माणूस कामाला लागला की साहेब त्याला पाठीमागच्या मोकळ्या पडिकात घेऊन जायचे. तिथं पत्र्याची एक लांब पन्हळ तिरकी लावलेली असे. खालच्या टोकाला एक मेणबत्ती पेटवून ठेवायची. सगळ्यांना लांब उभं करायचं आणि मग स्वतः वरच्या टोकाला कापडाचा बोळा आल्डीत भिजवून ठेवून झटक्यात मागं सरायचं. काहीच दिसायचं नाही. बोळा वर, मेणबत्ती खाली, मध्ये चांगलं दहा-बारा हात अंतर. माणूस साहेबांच्या तोंडाकडे बघत राहायचा. आणि मग भप्प करून ज्योत खालून वर पळत यायची आणि बोळा पेटायचा. नवा माणूस हटकून चार पावलं मागं पळायचा.

"काय समजलं?" साहेब विचारायचे.

"आग उलटी आली, सायेब."

"आग नाही आली. आधी आल्डी गेली. तिची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते. सखल जागा बघते. तुला दिसत नाही, पण ती गेलेली असते. दिवा सापडला की मग तिला घर आठवतं."

हे शेवटचं वाक्य ते प्रत्येक वेळी तसंच म्हणायचे. कामगारांना पाठ झालं होतं. किसन तर त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचा.

किसनबद्दल इथंच सांगितलं पाहिजे. तो पाथर्डीच्या बाजूचा, कोरड्या मुलखातला. त्याचे आईबाप ऊस तोडायला टोळीबरोबर आमच्या कारखान्यावर यायचे. त्यांच्याबरोबर आला आणि इथंच राहिला. आधी झाडलोट, मग हाताखालचा माणूस आणि मग साहेबांनी त्याला पंप चालवायला शिकवलं. काळाभोर, दात पुढं, आणि तोंड एक क्षण बंद नाही. साहेबांची थट्टा करायची परवानगी सबंध युनिटमध्ये त्याला एकट्याला होती. "सायेब, वैनी तुमाला च्या तरी गरम देत्यात का तो बी गार?" असं तो विचारायचा आणि साहेब ओठ मुडपून हसू दाबायचे. त्याची बायको हौसाबाई, उंच आणि कमी बोलणारी. ती कॉलनीतल्या चार घरची धुणीभांडी करायची, त्यात साहेबांचंही घर होतं.

साहेबांना आल्डीची नुसती भीतीच होती असं नाही. प्रेमही होतं. त्यांच्या घरी कुणी बाई पापड-बिपड घेऊन आली की ते तिच्या लुगड्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "हा रंग आमच्या इथून निघाला बरं का." दवाखान्यातली औषधं, चष्म्याच्या काड्या, रेशमासारखं दिसणारं कापड, सगळ्याच्या मुळाशी ते आल्डी शोधून काढायचे. एका दिवाळीत त्यांनी कॉलनीतल्या बायकामुलांना प्रयोगशाळेबाहेर बोलावलं, काचेच्या चंबूत चांदीचं एक द्रावण घेतलं, चार थेंब आल्डीचे टाकले आणि चंबू कोमट पाण्यात धरला. बघता बघता काचेच्या आत चांदी चढली आणि चंबूचा आरसा झाला. बायकांनी त्यात आपापली तोंडं पाहून घेतली. साहेब त्या दिवशी फार खुशीत होते. मी त्यांना इतकं खुशीत नंतर पाहिलं नाही.

त्यांचं आणि कामगारांचं एकाच गोष्टीवरून बिनसायचं, ते म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी कारखान्यात सगळीकडे यंत्रांची पूजा होते. हळद, कुंकू, झेंडूच्या माळा, नारळ, उदबत्ती, कापूर, निरांजन. आमच्या युनिटमध्ये साहेब हळदकुंकू लावू द्यायचे, माळा स्वतः घालायचे, रांगोळी तर सुरेख काढायचे. नारळ फाटकाबाहेर. पण दिवा नाही, उदबत्ती नाही, कापराची वडीसुद्धा नाही. शेजारच्या साखर कारखान्यात आरत्या चाललेल्या, ढोल वाजताहेत, आणि आमचे लोक विझल्यासारखी पूजा करून घरी जायचे. "दिव्याबिगर पूजा म्हंजी काय ती पूजा," असं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी यायचं. साहेब ऐकायचे. एकदा मला म्हणाले, "देवाला माझी अडचण समजेल हो. यांना समजत नाही."

मग बहात्तर साल आलं.

त्या दुष्काळाविषयी मी काय सांगणार. ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही पाहिला त्यांना सांगून उपयोग नाही. लोक घोडेगावच्या बाजारात बैल घेऊन जायचे आणि येईल त्या किमतीला सोडून यायचे. कालव्याची पाळी आधी लांबली, मग तुटली. कॉलनीतल्या नळाला पाणी येईना. आमच्या युनिटचा जीव पाण्यावर. आल्डी गार ठेवायची तर पाणी हवं. साहेबांनी उत्पादन निम्म्यावर आणलं. चेअरमननी बोलावून घेतलं, आवाज चढवला. साहेब म्हणाले, "पाणी द्या, पूर्ण चालवतो." पाणी कुठून देणार?

युनिटच्या मागं आगीसाठी राखलेल्या पाण्याचा मोठा हौद होता. आल्डी पाण्यात विरघळते, म्हणून तिची आग विझवायला मुबलक पाण्यासारखा उपाय नाही. हा हौद काठोकाठ भरलेला ठेवायचा हा साहेबांचा नियम. दुष्काळात भोवतालच्या पाच मैलांत एवढं पाणी एका जागी दुसरीकडे कुठंच नसेल. ते टिकवायला त्यांनी होती नव्हती ती सगळी काटकसर केली. पाळी संपल्यावर फरशी धुवायची पद्धत होती, ती बंद केली. झाडांना पाणी बंद केलं. स्वतःच्या घरची आंघोळ एका तांब्यावर आणली.

एका सकाळी कॉलनीतल्या बायका हंडे घेऊन फाटकाशी आल्या. हौसाबाई पुढं होती.

"सायेब, हौदातलं येक येक हांडा द्या. पोरं पानी पानी करत्यात."

साहेब फाटकाच्या आत उभे. मी त्यांच्या शेजारी.

"नाही देता येणार, बाई."

"दिसतंय की भरल्यालं."

"ते प्यायचं नाही. आग लागली तर..."

"लागली तर! आन् हितं पोरांच्या घशाला लागलीय ती?"

बायका बराच वेळ उभ्या राहिल्या. मग एका म्हातारीनं फाटकावर कडाकडा बोटं मोडली आणि सगळ्या निघून गेल्या. दुपारी टँकर आला म्हणून निभावलं. पण त्या दिवसापासून कामगार साहेबांशी कामापुरतं बोलू लागले. किसनची थट्टा बंद झाली. वहिनींनी मला सांगितलं, की हौसाबाई कामाला येते पण त्यांच्या घरचं पाणी पीत नाही.

नवरात्र तोंडावर आलं तेव्हा कामगार चार जण मिळून साहेबांकडे आले. बोलला किसनच.

"सायेब, औंदा घट बसवायचाय. देवीला साकडं घालायचंय पान्यासाठी. सगळी म्हनत्यात, आपल्या युनिटात कधी दिवा लागला न्हाई म्हनून ही पाळी आली."

"तुलाही तसं वाटतं?"

"मला काय वाटतंय त्याला काय अर्थ हाय, सायेब? मान्सं खचल्यात. कुंपनाच्या आत न्हाई म्हनत आमी. भायेर, सायकली लावतो त्या शेडात बसवतो. तुमचा नियम मोडत न्हाई."

सायकलींची शेड कुंपणाच्या बाहेर, उताराला होती. साहेब उठले आणि तिथं गेले. कुंपणापासूनचं अंतर पावलांनी मोजलं. वारा कुठून येतो ते धूळ उडवून पाहिलं. परत आले, पुन्हा गेले. मी त्यांच्या बरोबर होतो. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. पाण्याला नाही म्हणून झालं होतं. आता दिव्यालाही नाही म्हणायचं, हे त्या माणसाच्यानं होईना.

"बसवा," ते म्हणाले. "अंतर पुरेसं आहे. वारा उलटा आहे. पण दिव्याजवळ कायम एक माणूस हवा."

"त्यो तर ठेवावाच लागतो, सायेब. अखंड दिवा हाय, इझू द्यायचा न्हाई." किसनच्या तोंडावर किती महिन्यांनी पुढचे दात दिसले. जाताना म्हणाला, "आता देवीबी म्हनंल, गारसायेब जरा गरम झाला."

साहेब मोठ्यानं हसले.

घट बसला. जमिनीवर पत्रावळ, तीवर काळी माती, मातीत धान्य पेरलेलं, मध्ये कळस, आणि शेजारी जमिनीवरच समई. माती भिजवायला पाणी लागतं, ते माणसं आपल्या वाटणीच्या पाण्यातून ओंजळ ओंजळ आणून घालत. पाळी सुटली की कुणीतरी तेल घालायला आणि वात पुढं करायला शेडमध्ये बसून राही. संध्याकाळी बायका येत, गाणी म्हणत. साहेबही रोज जाऊन हात जोडून येत. वहिनींबरोबर हौसाबाई पुन्हा बोलू लागली होती. युनिटमध्ये माणसं परत माणसांसारखी वागायला लागली, आणि मला वाटलं, चला, एवढं तरी चांगलं झालं.

अष्टमीला दुपारी पंपाच्या एका सांध्याचं पॅकिंग फुटलं. अशी पॅकिंगं फुटतात, त्यात नवल नाही. आल्डी फरशीवर सांडली. पंपावरच्या माणसानं लगेच पंप बंद केला, झडप बंद केली, शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. ऑक्टोबरचं ऊन, फरशी तापलेली. सांडलेलं बघता बघता नाहीसं झालं. वास पसरला, माणसं लांब झाली. साहेब धावत आले, वारा पाहिला, वारा शेडच्या उलट दिशेनं होता. त्यांनी सुटकेचा श्वास टाकलेला मी पाहिला.

फरशीवरून एक गटार निघत होतं. ते कुंपणाखालून जायचं आणि सायकलींच्या शेडला लागून खाली ओढ्याला मिळायचं. कुंपणाशी त्याला एक खड्डा होता आणि त्या खड्ड्यात कायम पाणी साचलेलं असायचं. वाफ पलीकडे जाऊ नये म्हणूनच तो ठेवलेला. रोज फरशी धुतली जायची, त्यामुळे तो खड्डा कधी रिकामा झाला नव्हता. इतकी वर्षं आम्ही तिथं वावरलो, पण ते गटार कोरडं कुणी पाहिलंच नव्हतं. ते सगळ्यांच्या लेखी पाणी होतं. फरशी धुणं बंद होऊन दोन महिने झाले होते. खड्डा ठणठणीत वाळला होता. आल्डीला वाऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती गटारातून गेली.

मला आवाज आठवतो तो मोठा नाही. पन्हळीपाशी यायचा तसाच, भप्प, फक्त लांबलचक. शेडकडून ज्वाळा गटारातून पळत आली आणि पंपापाशी पेटली. साहेब एका क्षणात समजले. "पाणी!" एवढंच ओरडले. हौद भरलेला होता. माणसांनी नळ्या ओढल्या, पाण्याचा मारा केला आणि पंपाची आग टाकीपर्यंत पोचायच्या आत विझली. टाक्या वाचल्या, आतली माणसं वाचली, शेजारची कॉलनी वाचली. त्या हौदानं वाचवली. हे नंतर कुणीही, कुणीही बोलून दाखवलं नाही.

शेडमध्ये त्या वेळी किसन होता. सकाळची पाळी करून, घरी न जाता, दिव्याजवळ बसला होता. जमिनीवर, मांडी घालून.

नगरच्या इस्पितळात तो काही दिवस जगला. शुद्धीवर असायचा. साहेब त्याच्या खाटेशी बसून असायचे आणि किसनच त्यांची समजूत घालायचा. मी एकदा गेलो तेव्हा म्हणत होता, "सायेब, तुमी परवानगी दिली नसती तरी आमी बसवलाच असता." ते खरं नव्हतं. तो साहेबांच्या शब्दाबाहेर कधी गेला नव्हता. साहेबांनाही ते माहीत होतं. बाहेर व्हरांड्यात आल्यावर मला म्हणाले, "दोन घागरी पाणी. त्या खड्ड्यात दोन घागरी ओतल्या असत्या तर झालं असतं. हौदात हजारो होत्या." पुढं कितीही विषय काढला तरी ते तिथंच यायचे. दोन घागरी.

चौकशी झाली. बाहेरून अधिकारी आले, त्यांनी अंतर मोजलं, वारा विचारला. दिवा कुंपणाबाहेर होता, अंतर नियमाला धरून होतं, पाण्याचा साठा नियमाहून जास्त होता. निमसे यांचा कसलाही दोष नाही, असा निकाल आला. चेअरमननी हात हातात घेऊन अभिनंदन केलं. साहेबांनी तो हात सोडवून घेतला आणि म्हणाले, "नियम मी शिकवायचो. आल्डी सखल जागा बघते, हे मी शिकवायचो. माझा दोष नाही तर कुणाचा?" लोक म्हणाले, धक्का बसलाय, होईल कमी. महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. वहिनी माहेरी गेल्या, हौसाबाई पाथर्डीकडे सासरी. साहेब कुठं गेले ते कुणी नीट सांगेना. मी चौकशी केली, मग सोडून दिली. माणूस किती दिवस चौकशी करतो?

पुढच्या उन्हाळ्यात मी पाथर्डीच्या बाजूला निघालो होतो. माझी बहीण तिकडे दिलेली. दुष्काळ अजून चालूच होता, रस्त्यानं मैलोगणती दुष्काळी कामं लागलेली. वाटेत एस.टी.चं इंजिन तापलं. ड्रायव्हरनं गाडी एका खडी केंद्रापाशी थांबवली आणि पाणी मागायला गेला. मी पाय मोकळे करायला उतरलो.

उन्हात शे-दीडशे माणसं खडी फोडत होती. जास्ती बायकाच. डोक्यावर पदर, पदराला धुळीचा थर, कुणाचं तोंड ओळखू येईना. टोळी टोळीनं बसलेली, प्रत्येक टोळीचा आपला ढीग. जवळच्या टोळीत बायकांच्या रांगेच्या टोकाला एक पुरुष बसला होता. दगड हातोडीखाली धरायची त्याची पद्धतच चुकीची होती. दगड निसटायचा, तो पुन्हा उचलून ठेवायचा, पुन्हा निसटायचा. बोटांना चिंध्या बांधलेल्या. मी जवळ गेलो तेव्हा ओळखलं.

"साहेब," मी म्हणालो.

त्यांनी वर पाहिलं. ओळख पटली, पण आनंद झाला नाही की लाजही वाटली नाही. "काटे कसे आहेत तुमचे?" असं विचारलं आणि पुन्हा दगड धरला.

एवढ्यात रांगेतली एक बाई उठून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. हौसाबाई. आधीच उंच, त्यात वाळून काठी झालेली. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली, मग साहेबांकडे वळली. मी तिथं आहे म्हणून ती बोलली, की रोजच बोलत होती, मला माहीत नाही.

"सायेब, आता उठा हितनं."

"हौसाबाई, एवढा ढीग..."

"त्यो ढीग तुमच्यानं व्हनार न्हाई. टोळीचं माप येकच धरत्यात. तुमी आमच्या टोळीत हायसा, म्हंजी तुमच्या वाट्याची खडी आमालाच फोडावी लागती. पंधरा दिस झालं, या बाया तुमच्यासाठी फोडत्यात. मी बी फोडते."

"मी शिकेन."

"कवा? पाऊस पडल्यावं?" तिचा आवाज चढला नव्हता. कपाळाचा घाम तिनं मनगटानं पुसला. "तुमी वाईट न्हाई. मी कुनापाशी तुमाला वाईट म्हनले न्हाई. धनी बी म्हनले न्हाईत. पन तुमाला बरं वाटावं म्हनून आमी किती फोडायचं, सायेब?"

टोळीतल्या बायकांचे हात थांबले होते. साहेबांनी हातोडी तिच्या पायाशी जपून ठेवली, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उठले आणि आपल्या ढिगातली होती तेवढी खडी पाटीत भरून तिच्या ढिगात नेऊन ओतली. फार थोडी होती. मग कपडे न झटकताच रस्त्याला लागले.

मी मागं धावलो. "साहेब, माझ्याबरोबर चला. गाडी इथंच आहे." ते थांबले नाहीत. "तुम्ही जा," म्हणाले, "तुमचं माणूस वाट बघत असेल." कंडक्टर घंटी वाजवत होता, मी परत फिरलो. हौसाबाई जागेवर जाऊन बसली होती आणि सगळ्यांबरोबर तिचाही हात पुन्हा चालू झाला होता.

गाडी निघाली तेव्हा साहेब बरेच पुढं गेलेले. रस्त्याला झाड म्हणून नव्हतं. मी ड्रायव्हरला विनवलं, एक माणूस घ्यायचा आहे. त्यानं गाडी त्यांच्या शेजारी आणून हळू केली. मी खिडकीतून हाक मारली. साहेबांनी वर न बघता हातानंच पुढं जा म्हणून खूण केली, आणि गाडीला वाट द्यायला रस्त्याच्या कडेच्या चरात उतरून उभे राहिले.